स्क्रीनकडे पाठ करून

"कॉम्प्युटर बंद पडलाय" असं म्हटलेलं आमच्या काकांना अजिबात खपायचं नाही. कोणी तसं म्हणालं की ते छत्रीचं टोक फरशीवर आपटायचे. "बंद पडलाय हे तुझं मत झालं. तो काय बोलतोय ते सांग." समोरचा माणूस गांगरायचा. तो काय बोलणार, तो तर बंद पडलाय, असा त्याचा चेहरा व्हायचा. मग काका दुसऱ्यांदा छत्री आपटायचे. "काल्या स्क्रीनवर पांढरं काय लिवलंय? वाच. पयल्यापास्नं वाच."

काका माझे नात्याने कोणी लागत नाहीत. जूचंद्रला ज्या गाळ्यात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे, त्या गाळ्याचे ते मालक. मूळचे गावातलेच, आगरी, घरची खाडीकाठच्या खाजणातली भातशेती. पण त्यांचा सगळा जन्म टेलिफोन खात्यात गेला. एक्स्चेंजमध्ये जी मोठाली मशिनं होती ती म्हणे युनिक्सवर चालायची, आणि रात्रपाळीला त्या मशिनांशी बोलणारं काकांशिवाय दुसरं कोणी नसायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, काका लिनक्सला लागले. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, युनिक्सच्याच वळणाची आणि फुकट मिळणारी. घरातला एकूण एक कॉम्प्युटर त्यांनी लिनक्सवर नेला. नातीचा लॅपटॉपही सोडला नाही. ती बिचारी आठवडाभर रुसून बसली होती, असं काकी सांगायच्या.

गाळा बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा काका ओटीवर बसले होते. मी त्यांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर उभी. तरी ते खेकसले, "कोन?"

मी नाव सांगितलं.

"नाव नको. काम काय?"

मी काम सांगितलं. दुकान कसलं, कॉम्प्युटर किती, वीज किती लागेल, सगळं विचारून झालं. मला वाटलं आता भाड्यावर गाडी येईल. तर म्हणाले, "कॉम्प्युटरमधी जे घातलंयस ते इकत घेतलेलं हाय का?"

मी म्हटलं, "ते टेक्निशियनने टाकून दिलंय. सगळ्यांचं तसंच असतं."

"म्हनजे चोरीचं. माझ्या जागेत चोरीचा माल ठेवता येनार नाय."

मी हसले. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. काकी आतून चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते नाय करीत गंमत." खरंच नव्हते करत. गाळा हवा असेल तर लिनक्स घालायचं, नाहीतर दुसरी जागा बघायची. स्टेशनापासून इतक्या जवळ, रस्त्यावर तोंड असलेला गाळा मला दुसरा मिळणार नव्हता. मी मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या आणि हो म्हटलं.

लिनक्स घालायच्या दिवशी ते दुकानात आले, खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसले. कॉम्प्युटरकडे चक्क पाठ. मी म्हटलं, "काका, इकडे आहे स्क्रीन."

"मना ठाव हाय. दुकानातल्या मानसानं दाराकडं तोंड करून बसावं. तू वाच."

झालं. तेव्हापासून आमचं असंच चाललं. ते रस्त्याकडे बघत बसणार आणि मी वाचणार. मी शिकलेली बारावीपर्यंत, मराठी माध्यमात. मराठी टायपिंगचा माझा वेग चांगला, पण इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. स्क्रीनवर काही इंग्रजी उगवलं की न वाचताच 'ओके' दाबायचं, ही माझी आजवरची पद्धत. आता इथे एकेक ओळ मोठ्याने वाचायची, आणि तीही दार उघडं असताना, रस्त्यावरचे लोक ऐकत असताना! शब्द अडला की मी थांबायचे. काकांनी माझे उच्चार एकदाही सुधारले नाहीत. एवढंच म्हणायचे, "अक्षरं सांग." मी अक्षरं सांगायचे, ते शब्द सांगायचे आणि मग त्या शब्दाचा अर्थ. तोही आपल्या पद्धतीने. 'परमिशन डिनाइड' म्हणजे "तुझा तो अधिकार नाय, मोठ्या मानसाला बोलव." 'फाइल नॉट फाउंड' म्हणजे "जिथं बघतेस तिथं नाय. कुठंच नाय असं तो बोलला नाय."

आज मी कुठलाही काळा स्क्रीन न घाबरता वाचते. बँकेची इंग्रजी पत्रं वाचते, डॉक्टरांचे रिपोर्ट वाचते. हे मला शाळेने शिकवलं नाही, काकांच्या पाठीने शिकवलं.

त्यांच्या विक्षिप्तपणाची यादी करायला बसले तर काकींना हाताशी घ्यावं लागेल. छत्री बारा महिने हातात, तीही मिटलेली. ऊन असो, पाऊस असो, उघडताना मी पाहिली नाही. दुकानातली खुर्ची वीतभर जरी सरकली तरी, "कोनी हलवली?" म्हणून थयथयाट. चहा स्वतः ओतून घ्यायचे आणि कपाच्या काठाशी बोट धरायचे. मला ते बघून कसंतरीच व्हायचं. काकींना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचा चाय हाय, त्यांचं बोट हाय, तुझं काय जातं?"

आणि दिवाळीतली ती रांगोळी. आमचं जूचंद्र रांगोळीवाल्यांचं गाव. दिवाळीत प्रदर्शन लागतं, तेव्हा लांबून लांबून माणसं येतात. माणसाचा चेहरा असा काढतात की आत्ता पापणी हलवेल. एका वर्षी मी गेले तर काका आधीच तिथे, रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीला हात लावून उभे. मला म्हणाले, "ये. ही वाच."

"काय वाचू? रांगोळी आहे ही."

"मंग रांगोली वाच. काय काढलंय?"

मी म्हटलं, एक म्हातारी आहे, मासळीची पाटी घेऊन बसली आहे. ते म्हणाले, "हात कसं काढलंत?" मी नीट बघितलं. बोटं वाकडी होती, नखांच्या कडेला खवले चिकटलेले होते. ते सांगितल्यावर काका खूश झाले. "हां. मंग पोराला येतंय." अशा आम्ही सगळ्या रांगोळ्या वाचल्या. मला तोवर वाटायचं, प्रदर्शन म्हणजे 'छान, छान' म्हणत पुढे सरकायचं. त्या दिवशी माझे पाय दुखले, पण रांगोळी काय असते ते पहिल्यांदा कळलं. ते माझी परीक्षा घेताहेत अशी माझी समजूत होती, म्हणून मीही चुरशीने सांगत होते.

आता त्यांच्या बांधाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजणात मातीचा बांध घालतात. काकांचे वडील त्या बांधाची राखण करायचे. जुना बांध खचायला लागला की त्याच्यापुढे नवा घालायचा, पण जुना लगेच मोडायचा नाही. पुनवेचं किंवा अवसेचं मोठं उधाण एकदा नव्या बांधाला लागून जाऊ द्यायचं. तो टिकला की मगच जुन्याला हात लावायचा. एका शेजाऱ्याने श्रम वाचवायला जुन्या बांधाचीच माती काढून नव्याला घातली. उधाणात नवा फुटला, मागे अडवायला काही नव्हतं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या शेतात भाताचा दाणा झाला नाही.

ही गोष्ट काका सगळ्यांना ऐकवायचे. मला ऐकवली ती कर्नलच्या निमित्ताने. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. अपग्रेड केलं की नवा कर्नल येतो आणि जुनाही मशीनमध्ये राहतो. एकदा मी साफसफाईच्या भरात म्हटलं, "काका, हे जुने काढून टाकते. उगाच जागा अडते." त्यांची छत्री अशी आपटली की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "जुन्याला हात लावायचा नाय! नव्यानं उधान बघितलंय का?" त्या दिवसापासून आमच्या मशीनमध्ये जुन्याला कोणी हात लावला नाही.

मग ती सहामाही परीक्षा आली.

विरार पूर्वेच्या एका शाळेने परीक्षेचे पेपर टाइप करायचं काम मला दिलं. पाचवी ते दहावी, सगळे विषय. माझ्या दुकानाला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. नवऱ्याची कंपनी तेव्हा नुकतीच बंद झाली होती आणि घर माझ्या दुकानावर चाललं होतं. हे काम नीट झालं तर शाळेचं वर्षभराचं काम माझ्याकडे येणार होतं. बिघडलं तर शाळा-शाळांतून तेच पसरणार होतं. मुख्याध्यापक कडक. आधीच्या दुकानातून त्यांचे पेपर फुटले होते, म्हणून त्यांनी मला बजावलं होतं, "पेन ड्राइव्हवर घ्यायचं नाही, मेल करायचं नाही, मोबाइलवर फोटो नाही. मशीनमधून थेट कागदावर, आणि कागद थेट माझ्या हातात." मी तसंच केलं. सगळे पेपर त्या एका मशीनमध्ये. दुसरी प्रत कुठेही नाही.

सोमवारी सकाळी छापील पेपर द्यायचे होते. शनिवारी विज्ञानाच्या बाईंनी नुसत्या आकृत्यांची, प्रश्न नसलेली फाइल पाठवली, ती माझ्याकडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडेना. नवा प्रोग्रॅम हवा तर अपग्रेड करावं लागणार होतं. मी केलं. शेवटी काहीतरी लाल अक्षरांत येऊन गेलं, पण समोर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन उभं होतं, वाचायचं राहिलं. मशीन परत सुरू केलं तर काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, आणि पुढे काहीच नाही. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

सवयीने स्टेशनाजवळच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, लिनक्स अपने इधर कोई नहीं करता. लेके आ जाओ, फॉरमॅट मारके नया डाल देता हूँ." फॉरमॅट मारलं तर पेपर गेले, आणि न मारता मशीन त्याच्याकडे ठेवलं तर पेपर चव्हाट्यावर. मी फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि काकांच्या घरी गेले.

ते ओटीवर चहा पीत होते. नेहमीचं, "कोन?"

"मी."

"पाय घाशीत आलीस. काय झालं?"

"मशीन..." म्हणून मी 'बंद पडलंय' म्हणणार होते, ते गिळलं. "कर्नल पॅनिक म्हणतंय, काका. पुढचं मी वाचलं नाही. वाचवेना." आणि मला रडूच आलं. काकी उठून पाणी आणायला गेल्या. काकांनी मात्र चहा तसाच ठेवला, छत्री घेतली, आणि ते कंपाउंडच्या भिंतीवरून हात फिरवत माझ्यापुढे निघालेसुद्धा.

दुकानाच्या पायरीशी मला एकदम आठवलं आणि मी थांबले. त्यांची नात त्याच शाळेत नववीला होती. कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, "काका, आत पेपर आहेत. तुमची नात..."

तेही थांबले. मला वाटलं, आता रागावतात. ते म्हणाले, "बरोबर बोललीस. मंग मी पाठ करून बसतो. रोज बसतो तसा. तू वाचशील तेवढंच मना कलंल. आनि पेपर वाचू नको म्हनजे झालं."

खुर्ची जागेवर होती. ते बसले, तोंड दाराकडे. "हां, वाच."

मी वाचलं. "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग. व्ही एफ एस. अनेबल टू माउंट रूट एफ एस ऑन अननोन ब्लॉक."

ते म्हणाले, "डिस्कची वायर ढिली झाली असंल. खोल." मी डबा उघडला, वायर काढली, घातली. सुरू केलं. तेच. "परत घट्ट बसव." बसवली. तेच. काका घुश्श्यात गेले. मीही वैतागले होते. म्हटलं, "काका, वायर नाही हो. पुढे कंसात अजून आहे काहीतरी, ते तुम्ही वाचूच दिलं नाहीत."

"मंग वाच की! कंस काय शोभेला हायत?"

"शून्य, स्वल्पविराम, शून्य."

काकांनी छत्रीची मूठ हनुवटीला टेकवली. मग आवाज एकदम उतरला, मऊ झाला. "डिस्कला काय झालेलं नाय. नव्या कर्नलला डिस्कचं दारच सापडत नाय. सुरू होताना त्याच्या हातात एक छोटी फाइल लागते, दार उघडायला. ती त्याला मिलालीच नाय. नवा राखनदार ठेवला आनि किल्ली द्यायचं इसरलं, तसं. तुझे पेपर आत हायत, बाय. जागच्या जागी हायत."

एवढं ऐकलं आणि मी खाली स्टुलावर बसले.

"बसू नको. परत सुरू कर आनि शिफ्ट दाबून धर. मेनू येईल."

मेनू आला. "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स," मी वाचलं. काका म्हणाले, "त्यात जा. आता काय दिसतं?" कर्नलांची रांगच होती. सगळ्यात वर नवा, खाली जुने. "नव्याच्या खालचा घे." मी घेतला. अक्षरं धावायला लागली. मी वाचायचा प्रयत्न करत होते, पण ती इतक्या वेगाने जात होती की मी नुसतंच "ओके, ओके, ओके" म्हणत राहिले. आणि माझा नेहमीचा स्क्रीन आला. कोपऱ्यात माझ्या मुलीचा फोटो, मध्ये 'सहामाही' नावाचं फोल्डर.

"आलं, काका."

"आलंच पायजे. जुना बांध हाय तो." त्यांच्या आवाजात असा काही तोरा होता की बांध स्वतः घातल्यासारखा. "आता दुरुस्ती मागनं. आधी तुझं काम कर. छाप."

नवा प्रोग्रॅम मशीनमध्ये आलेला होता, विज्ञानाच्या आकृत्याही उघडल्या. काका उठून गेले नाहीत. मी छापत होते, तेवढा सगळा वेळ ते दाराकडे तोंड करून बसून राहिले. गिऱ्हाईक आलं की परस्पर घालवून देत होते. मध्येच म्हणाले, "कागद अडकनार." मी बघितलं, प्रिंटर बरा चालला होता. तेवढ्यात कर्रकन कागद अडकला. मी चाटच पडले. ते म्हणाले, "आवाज बदलला व्हता." एकेका इयत्तेचं पाकीट मी बंद करत होते, वर चिकटपट्टी लावत होते, आणि पाकीट बंद झाल्याचं त्यांना सांगत होते. मी का सांगत होते कोणास ठाऊक, पण प्रत्येक पाकिटाला ते "हां" म्हणायचे.

मग दुरुस्ती. किल्लीची ती फाइल तयार का झाली नाही, ते शोधायचं होतं. काका आज्ञा सोडत होते, मी टाइप करून उत्तर वाचत होते. त्यात एक ओळ दोनदा आली. काका तिच्यावरून पुढे गेले, पण मी अडून बसले. "काका, हे दोनदा आलंय. नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. जागाच उरली नाही म्हणतोय."

"डिस्क तर रिकामी हाय."

"डिस्क रिकामी आहे. पण हे 'बूट' म्हणून जे छोटं दालन आहे ना, ते शंभर टक्के भरलंय. आणि भरलंय कशाने सांगू? जुन्या कर्नलनी. तुमच्या बांधांनी. आपण लिनक्स घातलं तेव्हापासूनचे सगळे आहेत आत. नव्याची फाइल ठेवायला जागाच नव्हती."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग काका म्हणाले, "जुना एक ठेवायचा असतो. सगले जुने ठेवायला तुला कोनी सांगितलं?"

"तुम्ही!"

"मी?"

"छत्री आपटून. समोरच्या दुकानदाराला विचारा."

काका हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. "आमचा बाप असता तर त्यानं मना खाजनातच पुरला असता. बांधावर बांध घालून सगली शेतीच बुजवली मी!" मग आम्ही जुने कर्नल एकेक करून काढले, पण ज्याने वाचवलं तो मात्र ठेवला. अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं केलं, किल्लीची फाइल बनवली, मेनू ताजा केला. मशीन परत सुरू झालं ते नव्या कर्नलवर. काकांनी विचारलं, "आलं?" मी म्हटलं, "आलं. उधाण बघितलं त्याने." ते उठले, पायरीवर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोनदा आलेली ओल तू धरलीस. मी सोडली व्हती." एवढं बोलून गेले.

सोमवारी पाकिटं मुख्याध्यापकांच्या हातात दिली. शाळेचं काम आजतागायत माझ्याकडे आहे. त्याच कामावर मी पुढे चंदनसारला घर केलं. आता रोज तिथून जूचंद्रला येते, पण दुकान काकांच्याच गाळ्यात.

त्या सोमवारी संध्याकाळी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काका देवळाकडे गेले होते. मी काकींना सगळं रंगवून सांगितलं. वर कौतुकाने म्हटलं, "आणि काकांची सचोटी किती! नातीचे पेपर आहेत म्हणून एकदासुद्धा मान वळवली नाही."

काकींनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "मान वलवून काय व्हनार गो? त्यांना दिसतंय कुठं?"

मला कळेचना.

"काचबिंदू. एक डोला नोकरीतच गेला. दुसऱ्याला आता उजेड आनि कालोख, एवढंच. गाला तुला दिला त्याच्या आधीपास्नं. डाक्टर बोलला, गेलं ते परत येनार नाय." त्यांनी दाराकडे बघितलं. "कोनाला बोलू नको. मनाबी बंदी हाय. लोकांना कललं तर कोन इचारायला येनार नाय, असं बोलतात. घरात बसवून ठेवतील बोलतात."

मी घरी कशी आले मला आठवत नाही. डोक्यात एकेक गोष्ट उलगडत होती. छत्री. खुर्ची. कपातलं बोट. समोर उभी असूनही, "कोन?" त्या म्हातारीची वाकडी बोटं, नखांकडेचे खवले, ते सगळं त्यांनी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मी परीक्षा देत होते. मला फार वाईट वाटलं. मग त्याहून जास्त काहीतरी वाटलं, त्याला कृतज्ञता म्हणतात की काय, मला माहीत नाही. त्यांना वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं हे खरं. पण त्यातून मला वाचता आलं, हेही तितकंच खरं. आमच्यात कोण कोणाच्या उपयोगी पडलं, हा हिशेब मी कधी घातला नाही.

मी कोणाला बोलले नाही. काकांनाही नाही. फक्त दुकानातली खुर्ची कोणी हलवली की मी ती गुपचूप जागेवर आणून ठेवायला लागले.

परवा मे महिन्यात मोठं अपग्रेड आलं. एकटीने करायला मी आता घाबरत नाही, तरी काकांना निरोप धाडला. ते आले. आता चालणं सावकाश झालंय. पायरी छत्रीने चाचपली, खुर्चीची पाठ हाताला लागली तसे बसले, तोंड दाराकडे. तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक होतं, नव्या इमारतीत राहायला आलेला तरुण माणूस, बोलायला मोकळा. तो हसत म्हणाला, "काका, कॉम्प्युटर इकडे आहे. तुम्ही तिकडे काय बघताय? दिसतं ना तुम्हाला?"

काकांच्या हातातली छत्री हलली नाही. एरवी ती आपटली असती.

मी म्हटलं, "मीच बसवलंय त्यांना तसं. मशीनमध्ये शाळेचे पेपर आहेत, आणि त्यांची नात त्याच शाळेत. पेपर असले की स्क्रीनकडे पाठ करून बसायचं, हा दुकानाचा नियम आहे. तुम्हीही जरा तिकडे तोंड करा."

तो बिचारा "सॉरी, सॉरी" म्हणत वळला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

मे महिना होता. शाळांना सुट्टी लागली होती. नातीची दहावीसुद्धा होऊन गेली होती. मशीनमध्ये एकही पेपर नव्हता, आणि हे काकांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मग छत्री एकदा, अगदी हळू, फरशीवर टेकली.

"वाच, बाय," ते म्हणाले. "सावकाश वाच."